शेवटचा हप्ता सुटला की बँकेचं कोण ऐकतं? (प्रकल्प कर्ज आणि पर्यावरण-सामाजिक जोखीम)

पायवाट (धागाकर्ता)

मंडळी, हा धागा बरेच दिवस डोक्यात होता. मागे एका चर्चेत कुणीतरी लिहिलं होतं की बँकेला काय पडलंय नदीत काय सोडलं नि कोणाची जमीन गेली, व्याज आलं म्हणजे झालं. तेव्हा मी गप्प बसलो, एका ओळीत उत्तर देता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर निम्मं पटलंही होतं.

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. मोठ्या प्रकल्पाला पाच-सात बँका मिळून कर्ज देतात तेव्हा त्यांच्या वतीने साईटवर जायचं, पर्यावरण आणि लोकांच्या बाबतीत कंपनीने जे कबूल केलंय ते होतंय का बघायचं आणि रिपोर्ट लिहायचा, हे माझं काम. बारा-तेरा वर्षं झाली. दिवसा हेल्मेट-बूट, रात्री दोनपर्यंत गेस्ट हाऊसवर एक्सेल. माझी फी कर्जदार कंपनीच भरते, रिपोर्ट मात्र बँकांसाठी असतो, ही गंमत आत्ताच सांगून टाकतो म्हणजे नंतर कोणी खुसपट काढायला नको.

तर बँकेला का पडलेलं असतं? प्रोजेक्ट फायनान्समध्ये कर्ज एका नवीन, वेगळ्या काढलेल्या कंपनीला असतं जिच्याकडे त्या एका प्रकल्पाशिवाय काहीच नसतं, आणि परतफेड त्या प्रकल्पाच्या कमाईतूनच व्हायची असते. मागे प्रवर्तकाची (प्रकल्प काढणाऱ्याची) मोठी कंपनी उभी दिसते पण तिच्या खिशात हात घालता येत नाही, किंवा फारच थोडा घालता येतो. म्हणजे गावाने रस्ता अडवला, कोर्टाने स्टे दिला, परवाना रद्द झाला, काहीही होवो, काम थांबलं की बँकेचा पैसा थांबला आणि व्याजाचं मीटर चालूच. खाणींच्या बाबतीत डेव्हिस आणि फ्रँक्स यांचा २०१४ चा अभ्यास आहे, त्यात तीन ते पाच अब्ज डॉलर भांडवलाच्या मोठ्या खाणीचं उत्पादन लोकांशी वाद होऊन लांबलं तर आठवड्याला साधारण दोन कोटी डॉलरचा फटका बसतो असं काढलंय. आठवड्याला! त्यामुळे बँकेत कोणाला नदीचं प्रेम असो नसो, हा आकडा कळतो.

यातूनच २००३ च्या जूनमध्ये दहा बँकांनी मिळून इक्वेटर प्रिन्सिपल्स आणली, म्हणजे प्रकल्पाला कर्ज देताना पर्यावरण आणि लोकांची जोखीम कशी तपासायची याचे बँकांनी स्वतःहून घेतलेले नियम. आधी लंडनमधल्या ग्रिनिचवरून नाव ठरत होतं, मग कुणाच्यातरी लक्षात आलं असणार की सगळ्या जगाला लावायच्या नियमांना असं नाव बरं दिसत नाही, म्हणून विषुववृत्त. आतली कसोटी मुख्यतः जागतिक बँक गटातल्या आयएफसीच्या परफॉर्मन्स स्टँडर्ड्सची, ती आठ आहेत, सध्याची २०१२ पासून लागू. कामगार, प्रदूषण, आजूबाजूच्या लोकांची सुरक्षा, जमीन आणि विस्थापन, जैवविविधता, आदिवासी, सांस्कृतिक वारसा, आणि या सगळ्याच्या वर पहिलं, म्हणजे हे सांभाळायची यंत्रणा तरी आहे का. प्रकल्पाला ए, बी किंवा सी असा वर्ग देतात, ए म्हणजे ज्याचे परिणाम मोठे नि बरेचसे न भरून येणारे. हे सगळं नेटवर मिळेल, मी त्यात वेळ घालवत नाही.

मला बोलायचंय ते वेगळंच आहे. एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट कळलीय, बँकेचं वजन तिच्या तिजोरीत न सुटलेले पैसे असतात तेवढंच असतं. करार होण्याआधी ते सगळ्यात जास्त. तेव्हा प्रवर्तक स्वतः फोन करतो, सर काय हवंय सांगा. कर्जाचा पहिला हप्ता सुटला की फोन मॅनेजर करतो. निम्मे सुटले की मेलला उत्तर आठवड्याने येतं. आणि शेवटचा हप्ता सुटला की माझ्या साईट व्हिजिटला गाडी पाठवायचीसुद्धा विसरतात. कागदावर बँकेकडे तेव्हाही हक्क असतात, डिफॉल्ट (करारभंग) जाहीर करा, कर्ज परत मागा, पण चालू प्रकल्प, परतफेडीचे हप्ते वेळेवर येतायत, आणि गावातल्या चाळीस कुटुंबांची उपजीविका परत उभी राहिली नाही म्हणून कुठली बँक पूर्ण कर्ज परत मागेल? धमकी इतकी मोठी आहे की ती वापरताच येत नाही. डास मारायला तोफ.

आणि गोची अशी की जमिनीची कामं आधी होतात, मोबदला आधी वाटला जातो, त्याचे फोटोही काढले जातात, पण लोकांची उपजीविका परत बसवणं, झाडं जगवणं, नदीचा प्रवाह राखणं ही सगळी हळू कामं शेवटाकडे सरकतात. म्हणजे बरोबर तेव्हा, जेव्हा बँकेच्या हातात काही उरलेलं नसतं. तुमचे अनुभव काय? बँकेतले, कंपनीतले, विरोधातले, सगळे या.

चौकटराजा२

माहितीपूर्ण. वाचनखूण साठवली.

हिशेबनीस

पायवाट, मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, बँकेच्या क्रेडिटमध्ये, म्हणजे कर्ज मंजूर करणाऱ्या खात्यात. तुम्ही लिहिलेलं बहुतेक बरोबर पण एक मोठी गोष्ट राहिली. वजन पैसे सुटल्यावर कमी होतं हे खरं, पण ते आम्ही आमच्या हातानेच त्याच्याही आधी घालवतो.

कसं ते सांगतो. सॅन्क्शनच्या वेळी तुमच्यासारख्यांच्या रिपोर्टवरून एक कृती आराखडा बनतो, कोणतं काम, कोणी, कधीपर्यंत. त्यातली महत्त्वाची कामं सीपी असतात, म्हणजे ती झाल्याशिवाय पहिला पैसा नाही. आता सही जवळ येते. ठेकेदाराला अ‍ॅडव्हान्स द्यायचाय, मशीनचा भाव अमुक तारखेपर्यंतच धरून ठेवलाय, तिमाही संपतेय, आमच्या साहेबांचं टार्गेट आहे. मग एक मीटिंग होते आणि त्यात कोणीतरी अगदी शांतपणे म्हणतं, हे सीपीवरून सीएसमध्ये टाकूया का? म्हणजे आधी पैसा, अट नंतर नव्वद दिवसांत पुरी करा. नव्वदचे एकशेऐंशी होतात. मग वेव्हर, म्हणजे अटीतून सूट. मी स्वतः अशा वेव्हरच्या नोट लिहिल्यात, भाषा ठरलेली आहे, "कर्जदाराने समाधानकारक प्रगती दर्शवली असून". कोणी विचारत नाही समाधान कोणाचं.

दुसरं म्हणजे सात बँकांमध्ये निर्णय बहुमताने, बहुतेक वेळा कर्जाच्या दोन तृतीयांश हिश्श्याने. आमचा हिस्सा आठ टक्के असेल तर आम्ही कितीही आरडाओरडा केला तरी मतदानात शून्य. उलट बाकीचे म्हणणार की तुम्हीच डील अडवताय.

टोकदार

वा. दोघेही आतले, दोघेही कबूल करतायत. मग हा सगळा खटाटोप कशासाठी? वरून कीर्तन आतून तमाशा.

अमेरिकेतली डकोटा अ‍ॅक्सेस ही तेलाची पाईपलाईन आठवतेय का? २०१६ ला स्टँडिंग रॉकचे सू आदिवासी थंडीत महिनोन्महिने बसले होते, पाण्याच्या तोफा मारल्या त्यांच्यावर. त्या पाईपलाईनला अडीच अब्ज डॉलरचं कर्ज देणाऱ्या सतरा बँका होत्या आणि त्यातल्या बऱ्याच तुमच्या त्या विषुववृत्तवाल्या. कोणाचं काय बिघडलं? पाईपलाईन झाली, २०१७ ला तेल सुरू झालं. आणि २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या चार सगळ्यात मोठ्या बँका इक्वेटरमधून बाहेर पडल्या, त्यात सिटी तर २००३ च्या पहिल्या दहातली. बारसं करणारेच निघून गेले.

पायवाट

@टोकदार, डकोटाचा मुद्दा काढलात ते बरं झालं, तो या धाग्याचाच विषय आहे.

तिथे नेमकं कसं निसटलं बघा. इक्वेटरच्या तेव्हाच्या नियमात देशांचे दोन गट होते, श्रीमंत, कायदे मजबूत असलेले देश एकीकडे आणि बाकीचे दुसरीकडे. पहिल्या गटात प्रकल्प असेल तर तिथला स्थानिक कायदा पाळला की पुरे, आयएफसीची स्टँडर्ड्स वेगळी तपासायची गरज नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या पाईपलाईनच्या फायलीत आदिवासींची आधी, मोकळी, माहितीसह संमती हा प्रश्न त्या वजनाने आलाच नाही. परवाना आहे ना? आहे. पुढे चला. फाईल स्वच्छ होती हो, घोटाळा तिथेच आहे.

त्यानंतर नियम बदलले, इक्वेटरची चौथी आवृत्ती ऑक्टोबर २०२० पासून लागू आहे, त्यात श्रीमंत देशातही आदिवासींशी झालेली चर्चा आयएफसीच्या सातव्या स्टँडर्डच्या कसोटीवर तपासायला सांगितलंय. प्रकल्पासाठीच्या कॉर्पोरेट कर्जाला हे नियम लागू व्हायची मर्यादाही दहा कोटी डॉलरवरून पाच कोटीवर आणली. वरातीमागून घोडं म्हणा, पण आलं.

आणि काही बँकांनी डकोटातला हिस्सा विकला, आयएनजीने बारा कोटी डॉलरचा विकला, बीएनपी पारिबा आणि डीएनबी पण निघाले. इथे माझं मत जरा वेगळं पडतं. हिस्सा विकला म्हणजे काय झालं? तेच कर्ज दुसऱ्या कोणाच्या वहीत गेलं, आणि विकणारा ज्या खुर्चीवर बसून प्रश्न विचारू शकत होता त्या खुर्चीवर प्रश्न न विचारणारा बसला. वर्तमानपत्रात नाव येणं थांबतं हे मात्र खरं.

साळुंकी

मी यात नवीन आहे, एमबीए करतेय आणि याच क्षेत्रात यायचं मनात आहे (होतं?). एक बाळबोध प्रश्न, जर गोष्टी इतक्या ठरलेल्या आहेत, आठ स्टँडर्ड, कन्सल्टंट, कृती आराखडा, तर मग नक्की काय सुटतं? म्हणजे अभ्यासात न सापडणारी गोष्ट कोणती?

खाचखळगे

साळुंकी ताई, मी सांगतो. मी ठेकेदाराकडचा माणूस, आम्ही या साखळीच्या शेपटाला. बँक कंपनीला सांगते, कंपनी आम्हाला सांगते, आम्ही सब-कॉन्ट्रॅक्टरला सांगतो आणि सब-कॉन्ट्रॅक्टर काहीच सांगत नाही, तो फक्त माणसं आणतो.

आमच्याकडे एकदा ऑडिट होतं. पर्यावरण व्यवस्थापन आराखडा मागितला, दिला, जाडजूड, रंगीत. ऑडिट करणाऱ्या बाई वाचता वाचता थांबल्या, म्हणाल्या या नदीचं नाव काय? आमच्या साईटजवळ नदीच नव्हती. आधीच्या प्रकल्पाचा आराखडा कॉपी मारताना नाव बदलायचं राहिलं होतं. पान ४२ वर आमच्या कोरड्या माळावर मासे जपायची योजना.

हसू नका, त्याच साईटवर सातशे माणसांच्या कॅम्पला नऊ संडास होते. ते आराखड्यात नव्हतं. कारण रेटमध्ये नव्हतं. टेंडर भरताना या गोष्टींचा आयटम वेगळा नसेल तर भाव कमी ठेवण्यासाठी पहिली कात्री तिथेच लागते, आणि सगळ्यात कमी भावालाच काम मिळतं. बँकेने आराखडा वाचण्यापेक्षा बिल ऑफ क्वांटिटी, म्हणजे टेंडरमधली कामांची नि दरांची यादी, वाचावं. त्यात संडासाची, पिण्याच्या पाण्याची, धुळीवर मारायच्या पाण्याची ओळ आहे का बघावं. नसेल तर आराखडा नुसताच छापलाय.

पायवाट

@खाचखळगे दंडवत. बिल ऑफ क्वांटिटीचा मुद्दा मी आता सगळीकडे ढापणार आहे.

@साळुंकी, प्रश्न बाळबोध नाहीये. सुटतं ते बहुतेक वेळा असं काहीतरी जे सर्व्हे झाला त्या दिवशी तिथे नव्हतं. गुजरातमधल्या मुंद्र्याचं उदाहरण घे. टाटांचा तो चार हजार मेगावॅटचा कोळशाचा प्रकल्प, आयएफसीने २००८ ला ४५ कोटी डॉलर कर्ज दिलं. तिथले मासेमार वर्षभर किनाऱ्यावर राहत नाहीत, हंगामात येतात, झोपड्या बांधतात, हंगाम संपला की परत. २०११ ला त्यांनी आयएफसीच्या तक्रार यंत्रणेकडे तक्रार केली, आणि त्या यंत्रणेच्या २०१३ च्या ऑडिटमध्ये हेच निघालं की या हंगामी येणाऱ्यांचा विचार पुरेसा झाला नव्हता. पुढे ते अमेरिकेत कोर्टात गेले, आयएफसी म्हणाली आम्हाला खटल्यापासून संपूर्ण संरक्षण आहे, आणि २०१९ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध १ मतांनी सांगितलं की असं संपूर्ण संरक्षण नाही. मासेमारांना शेवटी त्याचा फायदा झाला नाही, खालच्या कोर्टांनी वेगळ्या कारणाने खटला काढून टाकला, पण कर्ज देणाऱ्यालाही थेट कोर्टात खेचता येतं हे त्या दिवसापासून सगळ्यांच्या डोक्यात बसलं.

तर हंगामी माणसं, चराईला जाणारे, जमीन कसणारे पण सातबाऱ्यावर नाव नसलेले, नवऱ्याच्या नावाने मोबदला गेलेल्या बायका. यादी करायच्या दिवशी जे हजर तेच बाधित, असा एक आंधळेपणा असतो.

दुसरी सुटणारी गोष्ट म्हणजे प्रकल्पाच्या कुंपणाबाहेरचं, जे प्रकल्पाशिवाय बांधलंच गेलं नसतं नि ज्याच्याशिवाय प्रकल्प चालणार नाही. याला असोसिएटेड फॅसिलिटी म्हणतात. केनियातला लेक तुर्काना पवनऊर्जा प्रकल्प, ३६५ पवनचक्क्या, ३१० मेगावॅट, २०१७ ला उभ्या राहिल्या आणि वीज न्यायला लाईनच नव्हती. सव्वाचारशे किलोमीटरची ती लाईन दुसऱ्याच्या हातात, तिथे ठेकेदार बुडला, वाटेतल्या जमिनीचे वाद, आणि वीज जोडली गेली सप्टेंबर २०१८ ला. मधल्या काळात वारा फुकट. बँकेचा माणूस पवनचक्कीखाली उभा राहून वर बघत असतो तेव्हा खरी जोखीम शंभर किलोमीटरवर कुणाच्यातरी शेतात पडलेली असते.

टोकदार

पवनऊर्जा आली म्हणजे विषय आलाच. हल्ली हिरवा प्रकल्प म्हटला की बँका डोळे मिटून सही करतात. नॉर्वेत फोसेनला काय झालं? तिथल्या सामी आदिवासींच्या रेनडिअर चराईच्या जागेवर १५१ पवनचक्क्या, ऑक्टोबर २०२१ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने परवाने अवैध ठरवले. एकमताने. आणि पवनचक्क्या चालूच, शेवटी २०२३-२४ मध्ये तडजोडी झाल्या. नॉर्वे म्हणजे कुठला अर्धवट कायद्यांचा देश नव्हे. आणि सोलर पॅनेलमधलं पॉलिसिलिकॉन चीनच्या शिनजियांगमधून सक्तीच्या मजुरीतून येतं का, हा प्रश्न अमेरिकेचा कायदा जून २०२२ ला लागू होईपर्यंत किती बँकांनी विचारला होता?

हिशेबनीस

खरंय. आमच्याकडे सोलरला आपोआप बी वर्ग, कोळशाला आपोआप ए. रंगावरून जोखीम ठरते. हजार एकर सपाट जमीन लागते नि ती मोकळी आहे असं सॅटेलाईटवरून दिसतं. सॅटेलाईटला मेंढ्या दिसत नाहीत.

अवांतर: रेटिंगवरून आठवलं. पायवाट, तुम्ही लोक ड्राफ्ट रिपोर्ट आधी कंपनीला दाखवता ना? त्यात "मोठी त्रुटी" चं "मध्यम" होऊन आमच्याकडे येतं, हे आम्हाला माहीत असतं बरं का.

पायवाट

@हिशेबनीस, आलात मुळावर :) हो, दाखवतो. तथ्य तपासायला दाखवायचा नियम आहे आणि तो योग्य आहे, कारण आमच्याही चुका होतात, मी एकदा चक्क चुकीच्या गावाचं नाव लिहिलं होतं. पण मग मेल येतो, तथ्याबद्दल हरकत नाही फक्त शब्द बघा. "उल्लंघन" ऐवजी "सुधारणेस वाव". मी एकदा ऐकलंय. एकदा म्हणजे एकदाच असं म्हणत नाही. फी अडकली होती, घरी हप्ते चालू होते, आणि मी स्वतःला समजावलं की मध्यम काय नि मोठी काय, काम तर यादीत राहिलंच ना. नाही राहिलं. मध्यमला मुदत सहा महिने मिळते नि मोठीला पुढचा हप्ता थांबतो, आणि त्या सहा महिन्यांत दोन हप्ते सुटले. तेव्हापासून मी ड्राफ्ट एकाच वेळी दोघांना पाठवतो, कंपनीला आणि बँकांना. करारातच लिहून घेतो. दोन कामं गेली त्यामुळे हातची.

दुसरा एक किस्सा सांगतो, तो तक्रारवहीचा. एका साईटवर गेलो, तक्रार निवारण यंत्रणा आहे का, आहे, वही आहे का, आहे, नऊ महिन्यांत तक्रारी किती? शून्य. मॅनेजर इतका खूश, म्हणाला सर बघा लोक किती समाधानी. अठराशे मजूर, तीन गावं, दिवसाला दोनशे ट्रक आणि शून्य तक्रार. मी म्हटलं वही कुठे असते? तर मेन गेटच्या आत सिक्युरिटी केबिनमध्ये. आत यायला पास लागतो, पासला ओळखपत्र जमा करायचं, आणि तक्रार बहुतेक वेळा सिक्युरिटीवाल्यांबद्दलच असणार! वही बाहेर काढली, गावात एका दुकानाच्या ओट्यावर आठवड्यातून एक दिवस कंपनीची एक मुलगी बसायला लागली, आणि दोन महिन्यांत चौसष्ट तक्रारी. मुख्यालयाला वाटलं परिस्थिती बिघडली. डॅशबोर्डवर लाल. ती माझ्या कारकिर्दीतली सगळ्यात चांगली लाल खूण.

साळुंकी

चौसष्टमध्ये काय काय होतं?

पायवाट

धूळ. घरांना तडे. ट्रकने कुत्रं मारलं. विहिरीचं पाणी खाली गेलं, हे तेवीस जणांनी सांगितलं नि तपासल्यावर खरं निघालं, कॅम्पसाठी बोअर मारल्या होत्या. आणि तीन तक्रारी मजुरांच्या वागणुकीबद्दल, शाळेच्या वाटेवरच्या मुलींच्या.

ही शेवटची तीन हलकी समजू नका कोणी. युगांडात जागतिक बँकेच्या पैशाने रस्ता होत होता, बाहेरून आलेल्या मजुरांकडून अल्पवयीन मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं पुढे आलं आणि डिसेंबर २०१५ ला बँकेने तो प्रकल्पच रद्द केला. रस्त्याच्या पर्यावरण अहवालात डांबराचं तापमानसुद्धा असतं, पण पाचशे परके पुरुष दोन वर्षं एका लहान गावाशेजारी राहणार याला तेव्हा अर्धं पान मिळायचं.

टोकदार

पण बघा, रद्द केलं. म्हणजे बँका मनात आणलं तर करतात.

हिशेबनीस

रद्द करणं सोपं असतं असं समजू नका, आणि चांगलं असतं असंही नाही. सरदार सरोवरचं उदाहरण जुनं आहे पण बघा, जागतिक बँकेने १९८५ ला ४५ कोटी डॉलर मंजूर केले, बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीचा अहवाल १९९२ ला आला, पुनर्वसन आणि पर्यावरण दोन्हीवर कडक ताशेरे, आणि मार्च १९९३ ला उरलेलं कर्ज भारतानेच नाकारलं. धरण झालंच. बाहेर पडलेल्या बँकेच्या शब्दाला पुढच्या पुनर्वसनात फारसं वजन राहिलं नाही. त्यातून तक्रार ऐकणारं इन्स्पेक्शन पॅनेल निघालं, १९९३ लाच, ही जमेची बाजू. पण ते पुढच्यांसाठी.

होंडुरासचं आग्वा झार्का धरण बघा. छोटं, बावीस मेगावॅटच्या आसपास. लेन्का आदिवासींचा विरोध, मार्च २०१६ ला त्या विरोधाच्या नेत्या बेर्ता कासेरेस यांचा घरात घुसून खून झाला, आणि डच एफएमओ नि फिनलंडची फिनफंड या कर्ज देणाऱ्या संस्था बाहेर पडल्या जुलै २०१७ ला. विरोध तर २०१३ पासून उघड होता, तेव्हाच चिनी ठेकेदार काम सोडून गेला होता. कर्ज द्यायच्या आधीच "नाही" म्हणता आलं असतं. ते एकच "नाही" स्वस्त असतं. नंतरचा प्रत्येक नकार महाग, आणि किंमत बहुतेक वेळा तिसराच कोणी मोजतो.

चौकटराजा२

काटा आला हे वाचून.

खाचखळगे

मग उपाय काय ते बोला ना कोणी, नुसती हळहळ नको. आमच्या भाषेत सांगतो. ठेकेदाराच्या बिलातून पाच-दहा टक्के रिटेन्शन कापून ठेवतात, काम नीट झाल्याची खात्री पटल्यावर सोडतात. मी वीस वर्षं बघतोय, साईटवरची साफसफाई, राहिलेली गटारं, सगळं त्या रिटेन्शनपायी होतं, माणुसकीपायी नाही. तुम्ही बँकवाले कंपनीचं रिटेन्शन का ठेवत नाही?

पायवाट

याच मुद्द्यावर यायचं होतं मला नि तुम्ही माझ्या आधी पोचलात.

ठेवता येतं, काही करारांत ठेवतातही. तीन गोष्टी मी चालताना बघितल्यात. एक, हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधायचे पण टप्पा म्हणजे फक्त काँक्रीट किती ओतलं एवढंच नाही, तर अमुक भागात माती उकरायच्या आधी त्या भागातला मोबदला पूर्ण पोचलेला असला पाहिजे. संपूर्ण प्रकल्पाला एकच सीपी ठेवली की ती वेव्ह होते, कारण सगळंच अडतं. भागाभागाने ठेवली तर फक्त तो भाग अडतो नि कोणाचा इगोही दुखत नाही. दोन, पुनर्वसन आणि उपजीविकेचा पैसा पहिल्याच हप्त्यातून वेगळ्या खात्यात, ज्यातून कंपनी दुसरीकडे वळवू शकत नाही, म्हणजे पुढे बजेट संपलं हे कारणच उरत नाही. तीन, आणि हे सगळ्यात दुर्मिळ, लाभांशाला कुलूप. प्रकल्प चालू झाल्यावर बँकेकडे हप्ते उरत नाहीत पण प्रवर्तकाला नफा बाहेर काढायचा असतो ना? मग उपजीविका परत बसल्याचं बाहेरच्या माणसाने तपासून सांगेपर्यंत लाभांश खात्यातच. ही धमकी वापरता येते. कर्ज परत मागण्याइतकी मोठी नाही, आणि दुखतेही बरोबर जागी.

हिशेबनीस

तिसरीवर प्रवर्तकाचे वकील रात्रभर भांडतात. मी दोनदा घालायचा प्रयत्न केला, एकदा झालं. झालं ते बाजार पडलेला असताना, कर्ज द्यायला दुसरं कोणी नव्हतं तेव्हा. दहा बँका रांगेत असल्या की आपलं कुलूप कोण लावून घेतो.

टोकदार

म्हणजे परत तेच, ज्याला गरज आहे त्यालाच नियम.

हिशेबनीस

हो. तेच.

साळुंकी

मग मी या क्षेत्रात येऊ की नको :(

खाचखळगे

या ताई. फक्त बूट चांगले घ्या आणि पहिल्या दिवशी लेबर कॅम्पचा संडास स्वतः बघा, एसीतल्या प्रेझेंटेशनच्या आधी. बाकी आपोआप कळेल कोण खोटं बोलतंय.

हिशेबनीस

हा धागा वाचून काल ऑफिसात एक फाईल काढली, माझ्याकडेच असलेलं कर्ज आहे, नाव सांगत नाही. ९२ टक्के सुटलंय. कृती आराखड्यात उपजीविकेची सहा कामं आहेत, सहाही "प्रगतीपथावर". शेवटच्या तीन रिपोर्टमध्ये तेच वाक्य, स्वल्पविरामासकट. उरलेल्या ८ टक्क्यांची मागणी परवा आलीय, माझ्या टेबलावर आहे.

पायवाट

@हिशेबनीस, सही करू नका अजून. कन्सल्टंटला फक्त एक मेल टाका, सहापैकी प्रत्येक कामात किती कुटुंबं होती, आज किती जणांची कमाई आधीइतकी आहे, नावांच्या यादीसह. बाकी काही विचारू नका. आणि कंपनीला कॉपीत ठेवा.

हिशेबनीस

टाकला. दुपारी चारला. साडेचारला प्रवर्तकाचा स्वतःचा फोन आला, दोन वर्षांनी.